निळ्या डब्यातल्या पाच चिठ्ठ्या

(तळघराचा जिना. उतरणारे पाय. दिव्याचा खटका.)

डबा बिस्किटांचा आहे. निळा, गोल, पत्र्याचा. आपल्याकडे असा डबा घरात दिसला की आत बिस्किटं नसणार हे पाहुण्यालाही माहीत असतं. सुया, रिळं, सुटी बटणं निघतात. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरातल्या या तळघरातही तेच. बिस्किटं कधीच संपली. आत पाच चिठ्ठ्या आहेत, आणि झाकणावर चिकटपट्टी लावून वर तारीख घातली आहे: २६ एप्रिल २०१८.

त्या गुरुवारी संध्याकाळी अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट होता. टीव्ही लावण्याआधी इथे जमलेल्या पाच जणांनी एकेक चिठ्ठी लिहिली. कॉलेजातून यंदा पाच नावाजलेले क्वार्टरबॅक येताहेत, त्यातला आपल्या ब्राउन्सनी, म्हणजे क्लीव्हलंडच्या संघाने, कुणाला घ्यावा, कुणाला टाळावा, आणि का. एकमेकांना दाखवायची नाही. पुढे 'मी तेव्हाच म्हटलं होतं' म्हणायला कुणाला तोंड राहू नये, एवढाच हेतू.

आज ८ फेब्रुवारी २०२६. सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा रविवार. सामन्याला अजून अडीच तास आहेत.

(चिकटपट्टी सोलली जाते. इथे निवेदन नाही. आवाज पट्टीचाच.)

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात प्रत्येक डाव सुरू होतो तो गडी. चेंडू हातात आला की त्याला जेमतेम तीन सेकंद मिळतात. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असतात, आणि तेवढ्यात त्याने धावत्या साथीदाराकडे चेंडू फेकायचा असतो. संघाची पुढची फळी भक्कम असेल तर तीनाचे चार सेकंद होतात. नसेल तर दीडच.

आणि ड्राफ्ट म्हणजे या पोरांची वाटणी. आयपीएलच्या लिलावासारखी बोली नाही लागत इथे. ३२ संघ रांगेत उभे राहतात आणि गेल्या हंगामात जो सगळ्यात वाईट हरला त्याला पहिली निवड मिळते. वर्गात शेवटून पहिला आलेल्याला प्रवेशाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभं करावं, तसं.

२०१८ साली रांगेत सर्वांत पुढे होतं क्लीव्हलंड. तो मान त्यांनी चोख कमावला होता.

(जुनं चित्रीकरण: बर्फ, थंडी, स्टेडियमभोवती चालणारी माणसं.)

ही मिरवणूक जानेवारी २०१८ ची. संघाने १६ सामने खेळले, १६ हरले. मग चाहत्यांनी मिरवणूक काढली, तीही स्टेडियमभोवती गोल, म्हणजे वरून शून्याचा आकार दिसावा. रडायच्या ऐवजी असं काही करणाऱ्या माणसांबद्दल मला पहिल्यापासून माया आहे, हे आधीच कबूल करतो.

(शर्टाची पाठ. पांढऱ्या पट्ट्या. एकाखाली एक नावं.)

आता या शर्टाकडे नीट बघा. शहरात असा एक शर्ट फार प्रसिद्ध झाला होता. हा त्याचाच घरगुती अवतार, या घरच्या आजोबांनी केलेला. जुना संघ १९९६ मध्ये मालकाने उचलून बाल्टिमोरला नेला. १९९९ मध्ये ब्राउन्स नव्याने उभे राहिले. तेव्हापासून सामन्याची सुरुवात करणाऱ्या प्रत्येक क्वार्टरबॅकचं नाव एकेका पट्टीवर. नवा आला की जुन्यावर काट.

सगळ्यात वर टिम काउच. १९९९ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड. नवा संघ, पुढची फळी कागदासारखी. पहिल्याच हंगामात काउचला ५६ वेळा चेंडूसकट लोळवलं गेलं. खाली ब्रेडी क्विन, ब्रँडन वीडन, जॉनी मॅन्झिएल. हे तिघं २००७, २०१२ आणि २०१४ सालचे, आणि तिघंही बाविसाव्या क्रमांकावर निवडलेले. वीडन तर निवडला तेव्हा २८ वर्षांचा होता, आधी बेसबॉल खेळून आलेला. चौघांवरही काट आहे. काट मारताना मार्कर किती दाबला गेलाय ते दिसतंय ना?

पहिली चिठ्ठी घरमालकिणीची. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतात. अक्षर मोठं, रेघेवर. 'मेफील्ड सोडून कुणीही.'

का, ते ओहायोत कुणालाही विचारा. सप्टेंबर २०१७. कोलंबस शहर, ओहायो स्टेट विद्यापीठाचं मैदान. ओक्लाहोमा विद्यापीठाचा बेकर मेफील्ड इथे येतो, जिंकतो, आणि मैदानाच्या मध्यभागी, बरोबर त्यांच्या बोधचिन्हावर, आपल्या संघाचा झेंडा रोवतो. नंतर त्याने माफी मागितली. ओहायोने ती ऐकून घेतली, बस.

आणि सात महिन्यांनी ब्राउन्सनी पहिल्या क्रमांकावर नेमका त्यालाच उचलला.

(हसू. घरमालकीण चिठ्ठीने तोंड झाकतात.)

पुढचं दृश्य २० सप्टेंबर २०१८ चं, याच तळघरात फोनवर काढलेलं, त्यामुळे हलतंय. समोर न्यूयॉर्क जेट्स, १४ विरुद्ध ० ने पुढे. ब्राउन्सचा क्वार्टरबॅक जखमी होऊन बाहेर जातो आणि मेफील्ड आत येतो. २१ विरुद्ध १७ असा विजय. ६३५ दिवसांनंतरचा पहिला. एका बिअर कंपनीने शहरात साखळदंड घातलेले फ्रीज ठेवले होते, ब्राउन्स जिंकले की आपोआप उघडणारे. त्या रात्री ते उघडले. या चित्रीकरणात सोफ्यावर उभं राहून ज्या बाई ओरडताहेत, त्यांची चिठ्ठी आत्ताच तुम्ही वाचलीत.

त्या वर्षी मेफील्डने २७ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास दिले, नवख्या खेळाडूचा तेव्हाचा विक्रम. पण मला आकडा दुसराच सांगायचा आहे. पहिल्या तीन हंगामांत त्याला चार मुख्य कोच मिळाले. एकाची हकालपट्टी ऐन हंगामात, मग हंगामी, मग एक वर्षाचा, मग चौथा. दर वर्षी नवी भाषा, नवे डाव. शाळेत मास्तर असे बदलले असते तर पालकांनी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ठाण मांडलं असतं. तरीही जानेवारी २०२१ मध्ये त्याने पिट्सबर्गला हरवून प्लेऑफचा सामना जिंकून दिला, १९९४ च्या हंगामानंतरचा पहिला.

पुढच्या वर्षी खांदा दुखावला, आणि २०२२ मध्ये संघाने त्याला वाऱ्यावर सोडून डेशॉन वॉटसनला आणलं: पहिल्या फेरीच्या तीन निवडी दिल्या, २३ कोटी डॉलरची पूर्ण हमी दिली, तीही वीसहून जास्त महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दावे लावलेले असताना. त्याला ११ सामन्यांची बंदी झाली, मग दुखापती. मेफील्ड आता टँपात आहे. २०२४ मध्ये ४१ टचडाउन पास.

(न्हाव्याचं दुकान. कात्री. मग तळघर.)

दुसरी चिठ्ठी या न्हाव्याची. त्यावर नाव नाहीच. नुसता आकडा, ५६, आणि पुढे तीन फुल्या.

हा जॉश ॲलन. कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याचा पोरगा. एकाही मोठ्या कॉलेजने घेतला नाही म्हणून प्रशिक्षकांना ईमेल पाठवत बसलेला आणि शेवटी वायोमिंगला पोचलेला. उंची सहा फूट पाच इंच, हात तोफेसारखा, पण शंभरात ५६ च पास ठिकाणावर. नेम शिकवता येत नाही, हे तेव्हा या खेळातलं सुभाषित होतं. जो तो म्हणायचा. बफलोने तरीही सातव्या क्रमांकावर त्याला घेतला. पहिल्या हंगामात ५३ च्याही खाली! न्हावी खूश.

२०२० मध्ये ६९. २०२४ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

मधल्या काळात काय झालं? फेकताना पाय कुठे पडतात ते त्याने सुधारलं, चांगला रिसिव्हर, म्हणजे फेक पकडणारा साथीदार मिळाला, आणि सगळ्यात महत्त्वाचं, २०१८ ते २०२५ आठही हंगाम मुख्य कोच एकच राहिला. न्हाव्याला हे आम्ही विचारलं. त्याने चष्मा काढला, अंगातल्या शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि चिठ्ठीकडे बघत राहिला.

तिसरी चिठ्ठी माझी.

हो, मी तिथे होतो. मिरजेहून येऊन दोन वर्षं झाली होती, खेळ नुकता कळायला लागला होता. मराठीत लिहिलंय, म्हणून बाकीच्यांनी ती उलटी धरली. 'जॉश रोझन. सर्वांत तयार. फेक सुंदर. बोलतो स्पष्ट. चांगल्या कॉलेजातला.' आता वाचताना लक्षात येतं, मी क्वार्टरबॅक निवडत नव्हतो, मावसबहिणीसाठी स्थळ बघत होतो.

रोझनला ॲरिझोनाने दहाव्या क्रमांकावर घेतलं. माझ्यापुढे नऊ चुका झाल्या, असं तो त्याच रात्री म्हणाला. वर्षभरात तो संघ १६ पैकी १३ सामने हरला, कोच गेला, आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये त्यांनी पहिल्या क्रमांकावर दुसराच क्वार्टरबॅक घेतला. रोझन मायामीला. मग या गावाहून त्या गावाला. २०२२ च्या उन्हाळ्यात तो चक्क क्लीव्हलंडमध्ये आला, राखीव म्हणून. माझं स्थळ चार वर्षांनी दारात उभं राहिलं, आणि हंगामातल्या एकाही सामन्यात मैदानावर उतरलं नाही.

ही चूक एकट्या आम्हाला होते असं नाही. १९९९ मध्ये फिलाडेल्फियाचे तीसेक चाहते एका रेडिओवाल्याच्या पुढाकाराने खास न्यूयॉर्कला गेले होते, ड्राफ्टला. त्यांना रिकी विल्यम्स हवा होता, धावणारा. संघाने डॉनोव्हन मॅकनॅब घेतला, क्वार्टरबॅक. पोरगा मंचावर आला आणि आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याने त्यांना पाच वेळा सुपर बोलच्या उंबरठ्यापर्यंत नेलं, एकदा आतही. त्याची ५ नंबरची जर्सी आता तिथे दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

(रिकामा डबा. कॅमेरा आत डोकावतो.)

डब्यात काय नाही, तेही दाखवायला हवं. लमार जॅक्सनचं नाव एकाही चिठ्ठीत नाही. ना घ्या म्हणून, ना घेऊ नका म्हणून. २०१६ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान, त्याच्या घरात होती. तरी जाणकार म्हणत होते, याने क्वार्टरबॅकी सोडावी आणि रिसिव्हर व्हावं. त्या रात्री पहिल्या फेरीचं शेवटचं, बत्तिसावं नाव त्याचं निघालं. घेतलं बाल्टिमोरने. क्लीव्हलंडहून उचलून नेलेल्या त्याच संघाने. आणि निवड करणारे ओझी न्यूसम, जे एकेकाळी ब्राउन्सचे लाडके खेळाडू होते. म्हणजे घरचाच माणूस, घरचाच संघ, आणि लमार वर्षातून दोनदा आमच्याविरुद्ध खेळतो. दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, २०१९ आणि २०२३. त्यालाही आठ हंगाम एकच मुख्य कोच.

(हात. नखं. पट्टीचं सुटलेलं टोक दाबणारा अंगठा.)

चौथी चिठ्ठी आजोबांची, घरमालकिणीच्या वडिलांची. ते कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झाले नाहीत, म्हणून तुम्हाला फक्त हात दिसताहेत. चिठ्ठीत खेळाडूचं नाव नाही. 'पोरगा कुठलाही आणा. कोच किती दिवस ठेवणार ते आधी सांगा.'

ही चिठ्ठी मोठ्याने वाचली गेली तेव्हा आजोबा शर्टाची घडी घालत होते.

पाचवी चिठ्ठी निवृत्त बस ड्रायव्हरची. 'डार्नोल्ड. शांत आहे.' तेवढंच. त्या वसंतात निम्मी अमेरिका हेच म्हणत होती. सॅम डार्नोल्ड, वय २०, तिसऱ्या क्रमांकावर जेट्सकडे गेला. व्यावसायिक लीगमधला पहिलाच पास प्रतिस्पर्ध्याने पकडला आणि थेट टचडाउन केला. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्याला असं घेरलं की 'मला भुतं दिसताहेत' हे त्याचं वाक्य माइकने टिपलं आणि देशभर गेलं. सामना ३३ विरुद्ध ० असा हरला. मग कॅरोलायना, जिथे २०२२ मध्ये मेफील्डही येऊन पडला: एकाच ड्राफ्टचे पहिला आणि तिसरा, एकाच बाकावर. मग सॅन फ्रान्सिस्कोत राखीव. मग मिनेसोटा. तिथला नवा पोरगा गुडघ्याने बाद झाला म्हणून याला संधी मिळाली, आणि १७ पैकी १४ सामने जिंकले. बस ड्रायव्हर या काळात काय म्हणत होते ते आमच्याकडे चित्रित नाही. ते म्हणतात, काहीच नाही.

आज डार्नोल्ड सिॲटलकडून सुपर बोल खेळतोय. समोर पेट्रियट्स.

(टीव्हीचा उजेड चेहऱ्यांवर. तळलेल्या कोंबडीचा डबा. कुणीतरी आवाज वाढवतं.)

सिॲटल जिंकलं. २०१८ च्या पाच जणांत सुपर बोल जिंकणारा पहिला तोच.

(बस ड्रायव्हर. चिठ्ठी त्यांच्या खिशात आहे, टोक बाहेर. इथे निवेदन नाही. दृश्य पूर्ण चालू द्यावं.)

वर स्वयंपाकघरात भांडी लागताहेत. खाली आजोबांनी शर्ट पुन्हा टेबलावर पसरलाय. पाठ केव्हाच भरली. १९९९ पासूनच्या क्वार्टरबॅकांनी चाळिशी ओलांडली, नावं आता डाव्या बाहीवर उतरली आहेत. शेवटची पट्टी शेड्यूर सँडर्सची, २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर घेतलेला. पट्टी अजून पांढरीशुभ्र आहे. बाकी सगळी नावं मार्करने लिहिली आहेत. हे एकच पेन्सिलने.