तीन मजली, एक मजला खरा

(दृश्य: विश्रामबागेतलं स्वयंपाकघर. ओट्यावर थर्माकोलच्या तीन गोल चकत्या.)

मे महिना, दुपारचे दोन. सांगलीत पारा चाळिशीला टेकलाय आणि या स्वयंपाकघरात पंखा बंद आहे. वाऱ्यानं फॉन्डंट, म्हणजे केकवर पांघरायची साखरेची पोळी, वाळतं, त्याला भेगा पडतात. लग्नाचे केक करणाऱ्या ताई पॉलिश पेपर घेऊन थर्माकोलच्या कडा घासतायत. बारा इंच, नऊ इंच. कड धारदार राहिली, तर वरून घातलेलं साखरेचं पांघरूण नेमकं तिथंच फाटतं. तिसरी, सहा इंचांची चकती त्यांनी बाजूला ठेवलीय. तिची उद्या गरज नाही, तो मजला खरा असणार आहे.

उद्या संध्याकाळी मिरज रस्त्यावरच्या एका कार्यालयात रिसेप्शन. आठशे माणसांचं जेवण, तीन मजली केक, आणि त्यातला खायचा मजला एकच.

'खोटा केक' म्हटलेलं ताईंना चालत नाही. त्या 'डमी' म्हणतात. नवरीची आजी मात्र काल इथं येऊन, चकतीवर बोटानं टकटक करून विचारून गेली, "म्हंजे पावण्यास्नी थर्माकोल दावायचा व्हय गं?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही ताईंना हिशेब मांडायला लावला.

(दृश्य: वहीचं पान, पेन्सिलीनं केलेली बेरीज.)

सहा इंचांचा केक साधारण किलोभराचा, नऊ इंचांचा दोन-अडीच किलो, बारा इंचांचा साडेचार. तिन्ही मजले खरे केले, तरी सगळा ऐवज आठ किलोंचा. माणशी पन्नास ग्रॅमचा तुकडा धरला, तर एकशे साठ जणांना पुरेल. राहिलेले सहाशे चाळीस पाहुणे केकच्या फोटोवर भागवणार का? आठशे जणांना द्यायचा, तर चाळीस किलो केक लागतो. तो एकावर एक रचायला गेलात, तर नवरा-नवरीला शिडी आणावी लागेल. म्हणून वाटायचा केक ट्रेमध्येच भाजतात, आत कापतात आणि पंगतीत फिरवतात. त्यावर ना फुलं, ना मोती. चव मात्र तीच.

आणि मसालेभात, जिलेबी, मठ्ठा झाल्यावर केकला पोटात जागा असते कुणाच्या? या घरच्या पाहुण्यांत जैन मंडळीही बरीच आहेत. दिवस मावळल्यावर न जेवणारी. केक कापणार आठ वाजता.

खऱ्या केकची अडचण त्याच्या वजनात असते. स्पंज मऊ, वरचा मजला जड. नुसता ठेवला तर तो खाली रुततो आणि मधून क्रीम बाहेर येतं. म्हणून खालच्या मजल्यात जाड स्ट्रॉ किंवा लाकडी काड्या उभ्या खोचतात, त्यावर पुठ्ठ्याची थाळी आणि थाळीवर वरचा मजला. भार काड्यांवर जातो, स्पंजवर येत नाही. तीन मजले असतील, तर मधोमध टोकदार दांडाही घालावा लागतो. एवढं करून गाडी निघते आणि पुढे स्पीडब्रेकर. सांगली ते मिरज अंतर फार नाही, पण तीन खरे मजले मागे असले, की ताईंना ते पुण्याएवढं वाटतं.

शिवाय हे हवामान. व्हिप्ड क्रीम म्हणून आपण जे खातो, ते बहुतेक वेळा वनस्पती तेलाचं असतं. तरी या उन्हात तेही सैल पडतं. केक फ्रिजमधून काढून उघड्या मांडवात आणला, की फॉन्डंटला घाम फुटतो, रंग पसरतात. थर्माकोलला यातलं काही होत नाही. तो जवळजवळ सगळा हवाच असतो. पाणी पीत नाही, रुतत नाही, आणि पंधरा दिवस आधी सजवून ठेवला तरी चालतो. शत्रू एकच, मुंग्या.

आता पैशाचं. डमी म्हणजे स्वस्त, असं समजून येणारे पुष्कळ. इथं लोक फसतात. वाचतो तो मैदा, लोणी, क्रीम. साखरेचं एकेक गुलाब पाकळी पाकळीनं वळायला लागणारा वेळ थर्माकोलवरही तेवढाच लागतो, आणि मजुरी त्या वेळेची असते. खरी बचत होते ती तयार डमी भाड्यानं घेतली तर.

(दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रं. लग्नाचा उंच पांढरा केक.)

आजींच्या मनात आहे तो 'अस्सल' मजली केक. तो मुळात होता का अस्सल? व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीचं लग्न 1858 साली झालं. तिच्या उंच केकमध्ये केक होता तो फक्त तळाला. वरचे मजले निव्वळ साखरेचे. राजघराण्यात वरपासून खालपर्यंत खाता येईल असा मजली केक उभा राहिला तो 1882 मध्ये, राणीच्या धाकट्या मुलाच्या लग्नात. पुढे दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर गेली. 1940 मध्ये ब्रिटनमध्ये केकवर आयसिंग करायलाच बंदी आली. तेव्हा लग्नघरं पुठ्ठ्याचा, प्लास्टरचा पांढराशुभ्र मजली डोलारा भाड्यानं आणत. आत छोटासा केक, वरून हा टोप. फोटोत सगळं झोकात. थोडक्यात, मजल्यांचा हा डौल जन्मापासून दिखाऊच आहे.

डमीची एक बाजू मात्र लंगडी आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, गणपतीची मखरं पुठ्ठ्यावर आली. मग केक पुठ्ठ्याचा का नको? ताईंनी करून पाहिलाय. पुठ्ठा फॉन्डंटची ओल धरतो आणि बसतो. त्यांच्याकडच्या चकत्या चार वर्षांच्या जुन्या आहेत. त्याच धुतात, त्याच वापरतात. नवीन आणायच्या नाहीत, असं त्यांनी ठरवलंय. हे उत्तर आम्हाला पुरतं पटलं नाही. पण लग्न झाल्यावर डमी कचऱ्यात टाकणाऱ्यांपेक्षा ते बरं.

(दृश्य: कार्यालय. संध्याकाळ. स्टेजवर केक.)

सुरी कुठं घालायची, ही कळीची गोष्ट. मागे एका रिसेप्शनला सूत्रसंचालकानं उत्साहात नवऱ्याला मधल्या मजल्यावर सुरी धरायला लावली. माइक जवळच होता. 'कर्रर्र' असा आवाज सगळ्या हॉलनं ऐकला. तेव्हापासून ताई खऱ्या मजल्याभोवती लाल रिबीन बांधतात आणि सुरी स्वतःच्या हातानं देतात. खरा मजला सगळ्यात वर. उचलायला सोपा. खालच्या मजल्यांना चिकटलेलं फॉन्डंट कुणी खायचं नाही, त्यात थर्माकोलचा भुगा असतो. पोरांना हे सांगून उपयोग नसतो, म्हणून एक भाचा पहाऱ्याला.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला रुखवत मांडलंय. सुपारीचे भटजी, सुपारीची सप्तपदी, रंगवलेले नारळ, बिस्किटांचा बंगला, ताटभर चिरोटे. बंगल्याच्या कौलाकडे एका पोराचा हात गेला आणि खुर्चीतून आजी कडाडल्या, "हात नगा लावू! बघायचं हाय त्ये!"

ताई लांबून हसल्या. बोलल्या काही नाहीत. वरच्या मजल्याचा पहिला तुकडा मात्र त्यांनी आजींच्याच ताटात ठेवला. बिनअंड्याचा, हे आधी सांगून. आजींनी वास घेतला, चाखला, आणि विचारलं, "खालचा कवा कापणार?"

(दृश्य: दुसऱ्या दिवशी सकाळ. विश्रामबाग, गच्ची.)

बादलीत कोमट पाणी. चकत्या भिजत घातल्या, की फॉन्डंट सुटतं, साखर विरघळते, पाणी गुलाबी होतं. ताई ते लांब, कुंपणाकडे ओततात, मुंग्यांच्या वाट्याला. शेजारणीच्या कुरडया वाळत घातल्यात. त्यांच्याच कडेला दोन पांढऱ्या चकत्या उन्हात उभ्या करून ठेवल्या जातात. पुढचा मुहूर्त गुरुवारचा आहे, आणि त्या घरच्यांना चार मजले हवेत. सगळे खरे.

ताई आता दांडे मोजतायत.