आधी थर्मामीटर, मग गोळी

(दृश्य: पावसाळी सकाळ, दवाखान्यातील बाकावर बसलेली माणसे)

पावसाळा सरत आला, की महाराष्ट्रातील दवाखान्यांत एक तक्रार दिवसभर ऐकू येते: डोके ठणकते आहे, अंग मोडून आले आहे, व्हायरल असावे. फ्लू आणि डेंगीचे दिवस असल्यामुळे हा अंदाज पुष्कळदा बरोबरही निघतो. मात्र त्याच बाकावर एखादी अशीही बाई बसलेली असते, जिला ताप नाही, खोकला नाही, घरात दुसरे कोणी आजारी नाही आणि जिला हेच ‘व्हायरल’ गेल्या महिन्यातही झाले होते. विषाणूचा संसर्ग असा दर महिन्याला दोन दिवसांच्या मुक्कामाला येत नाही, अर्धशिशी येते.

अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन. या जुन्या मराठी नावाने एक गैरसमज मात्र रुजवला आहे, की दुखणे अर्ध्या डोक्यातच असले पाहिजे. प्रत्यक्षात अनेकांचे, विशेषतः लहान मुलांचे, दोन्ही बाजूंना दुखते. निदान करताना डॉक्टर इतर खुणाही पाहतात: नाडीच्या ठोक्याबरोबर उठणारा ठणका, जिना चढताना वाढणारी वेदना, मळमळ, आणि उजेड व आवाज नकोसा होणे. उपचार न केल्यास मोठ्या माणसांत हा झटका ४ ते ७२ तास टिकतो.

(दृश्य: पडदे ओढलेली खोली, उशाशी पाण्याचा तांब्या)

घोटाळा होतो तो बहुधा वेदना सुरू होण्याआधीच. काहींना आदल्या दिवसापासून जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, अंगात त्राण राहत नाही, आणि घरातले म्हणतात, कणकण आहे. पुढे चेहऱ्याला संवेदना पुरवणारी मज्जातंतूची यंत्रणा उत्तेजित झाली, की डोळ्यांतून पाणी येते, नाक चोंदते, आणि दुखण्याला सर्दीचे किंवा सायनसचे नाव मिळते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘सायनसची डोकेदुखी’ असल्याचे सांगणाऱ्या किंवा तसे निदान झालेल्या २,९९१ जणांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणे मायग्रेनच्या निकषांत बसली होती. आपल्याकडे याच्या जोडीला पित्त असते. उलटी झाल्यावर डोके उतरते, म्हणून दोष पित्ताला दिला जातो. पण उलटीनंतर वेदना ओसरणे हे अर्धशिशीतही अनेकांच्या अनुभवाचे आहे.

विषाणूसंसर्गातील डोकेदुखीची रीत निराळी असते. शरीराची प्रतिकारयंत्रणा जी रसायने सोडते, त्यांनी ताप चढतो, थंडी वाजते, स्नायू आणि सांधे दुखतात, आणि डोके या साऱ्या दुखण्याचा केवळ एक भाग असते. डेंगीत मात्र पारख अवघड होते, कारण त्यातही मळमळ व उलट्या होतात आणि डोळ्यांच्या मागे तीव्र वेदना असते. तेथे अचानक चढलेला मोठा ताप हा महत्त्वाचा पुरावा ठरतो. अर्धशिशी स्वतः होऊन ताप आणत नाही.

म्हणूनच गोळी घेण्यापूर्वी थर्मामीटर लावावा. पॅरासिटामॉल ताप आणि वेदना दोन्ही उतरवते, आणि मग तासाभराने घेतलेल्या नोंदीवरून काहीच कळत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अर्धशिशीचे अनेक रुग्ण सवयीने आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेतात. डेंगीत हीच औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवतात. नेहमीचेच डोके आहे असे समजून घेतलेली नेहमीची गोळी त्या दिवशी अपायकारक ठरू शकते.

ज्याला अर्धशिशी आहे त्याला व्हायरल होत नाही असे नाही. उलट, तापामुळे त्याचा झटका उफाळूही शकतो. अशा वेळी दोन्ही दुखणी एकाच अंथरुणावर असतात, आणि निवाडा डॉक्टरांवर सोपवणेच शहाणपणाचे असते.

एका बाबतीत घरी पारख करीत बसूच नये. तापाबरोबर मान ताठ झाली, बोलण्यात असंबद्धता आली, आकडी (फिट) आली किंवा अंगावर पुरळ उठले, तर मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाची शंका धरून तत्काळ रुग्णालय गाठावे. क्षणात परमोच्च तीव्रता गाठणारी डोकेदुखी, हातापायातील नवा अशक्तपणा, यांनाही हेच लागू आहे.

(दृश्य: भिंतीवरील दिनदर्शिका, त्यावर पेनाने केलेल्या खुणा)

एरवी दुधाचा हिशेब जेथे लिहिला जातो, त्याच दिनदर्शिकेवर डोकेदुखीची तारीख, किती तास दुखले, ताप किती होता, कोणती गोळी घेतली आणि स्त्रियांच्या बाबतीत पाळीची तारीख लिहून ठेवावी. स्त्रियांमध्ये मायग्रेनचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट आहे, आणि अनेकींचे झटके पाळीच्या आसपास येतात. तीन महिन्यांची पाने डॉक्टरांसमोर ठेवली, की दर महिन्याच्या त्या ‘व्हायरल’पुढे तापाचा रकाना रिकामा असल्याचे त्यांना लगेच दिसते.