लाँगस्टोनची वही

(पडद्यावर: जुन्या नोंदवहीचं एक पान. मागे फक्त लाटांचा आवाज.)

सप्टेंबर १८३८. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यासमोरची फार्न बेटं. तिथल्या लाँगस्टोन दीपस्तंभाचा रखवालदार विल्यम डार्लिंग आपल्या वहीत एक नोंद करतो. वय ५२ वर्षं.

तो लिहितो : फॉरफरशायर, ४०० टनांची आगबोट, हल बंदरातून स्कॉटलंडमधल्या डंडीला निघालेली. बेरिकच्या समोर आली तेव्हा बॉयलर इतके गळू लागले, की इंजिनं निकामी झाली. कप्तानानं बोट शील्ड्सकडे वळवली. उत्तरेचं जोरदार वादळ, दाट धुकं. ७ तारखेला पहाटे चारच्या सुमारास बोट हार्करच्या खडकावर आदळली आणि पंधरा मिनिटांत मधोमध फुटली. ४३ माणसं बुडाली. नऊ जण त्याआधीच बोटीवरच्या होडीतून निघाले होते, त्यांना माँट्रोजच्या एका जहाजानं उचललं. आणखी नऊ जण फुटक्या बोटीला धरून राहिले होते. त्यांना डार्लिंगांनी वाचवलं.

आणि लगेच पुढचं वाक्य : बोटीवरचा माल म्हणजे उंची कापड, लोखंडी सामान, साबण, बॉयलरचे पत्रे आणि सूतगिरणीची यंत्रं.

बस्स. नोंद संपली.

'डार्लिंगांनी वाचवलं.' मराठीत हे एकट्या माणसाबद्दल आदरानं म्हणता येतं आणि साऱ्या घराबद्दलही. मूळ इंग्रजीत ते घराबद्दलच आहे. त्या एका आडनावात एक बाप आहे आणि त्याची २२ वर्षांची मुलगी आहे. ग्रेस. पुढे सगळ्या इंग्लंडला तिचं नाव पाठ झालं. बापाच्या वहीतल्या या नोंदीत मात्र ते नाही.

मला या कुटुंबाची गोष्ट इथूनच सांगावीशी वाटते. ग्रेसची चित्रं पुष्कळ निघाली, पुतळे झाले, कविता झाल्या. पण ही माणसं खरी भेटतात ती त्यांच्या कागदांत.

(पडद्यावर: ब्राउन्समन बेट. जुन्या मनोऱ्याचे अवशेष. पक्ष्यांचे थवे.)

डार्लिंगांच्या नोंदी १७९५ पासूनच्या आहेत. तेव्हा कुटुंब ब्राउन्समन नावाच्या बेटावर होतं आणि बत्ती सांभाळायचे विल्यमचे वडील, रॉबर्ट डार्लिंग. कोकणात आपण दीपस्तंभाला सहज 'बत्ती' म्हणतो, पण तिथे तेव्हा दिवा नव्हताच. मनोऱ्याच्या माथ्यावर दगडी कोळशाचा जाळ असायचा. रात्रभर कोळसा वर चढवायचा, जाळ धगधगता ठेवायचा, सकाळी राख काढायची. वारा पडला की धूर कोंडायचा, वारा सुटला की कोळसा भराभर जळून जायचा.

१८१५ मध्ये रॉबर्ट गेले आणि काम मुलाकडे आलं. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला, समोरच्या किनाऱ्यावरच्या बॅम्बरा गावात, आजोळी ग्रेस जन्मली. नऊ भावंडांतली सातवी. तान्ही असतानाच तिला होडीतून बेटावर आणलं.

ब्राउन्समनवर थोडी माती होती, म्हणून भाजीचा मळा होता, जनावरं होती. पण बत्तीची जागा चुकीची होती. जहाजं फुटत ती त्याच्याही पलीकडे, बाहेरच्या खडकांवर. म्हणून १८२६ मध्ये लाँगस्टोनच्या खडकावर नवा मनोरा उभा राहिला आणि डार्लिंगांचं बिऱ्हाड तिकडे हललं. लाँगस्टोन म्हणजे उघडा, काळा कातळ. गवताची काडी उगवत नाही. मोठ्या भरतीला, वादळात, लाटा खालच्या खोल्यांपर्यंत येतात. भाजीसाठी ही मंडळी होडी वल्हवत जुन्या बेटावर जायची.

इथे कोळसा नव्हता. तेलाचे दिवे, त्यांच्यामागे चकचकीत परावर्तक आणि सगळं फिरवणारं घड्याळासारखं यंत्र. वजन खाली उतरलं की पुन्हा चावी द्यायची, वाती कातरायच्या, काजळी पुसायची. पगार एका माणसाचा, पण रात्रीच्या पाळ्या सारं घर वाटून घ्यायचं. मुलं याच कामात वाढली. लिहायला-वाचायला बापानंच शिकवलं.

वहीत फुटलेल्या जहाजांची नोंद एकामागून एक येते. डिसेंबर १८३४ मधली एक पाहा. ऑटम नावाचं छोटं गलबत, कोळसा भरून पीटरहेडला निघालेलं. नाइव्हस्टोनच्या खडकावर रात्री आदळलं आणि लगेच बुडालं. तिघे खलाशी, त्यातले दोघे गेले. एकाला रखवालदारानं आणि त्याच्या तीन मुलग्यांनी तीन तास झुंजून वाचवलं. त्या रात्री कुणी चित्रकार आला नाही. कुणी पदक दिलं नाही. डिसेंबरचा तो समुद्र, ती काळोखी रात्र आणि वाचलेला तो एकटा माणूस, सारं वहीतच राहिलं.

(पडद्यावर: लाँगस्टोनचा लाल-पांढरा मनोरा. वरच्या मजल्यावरची लहानशी खिडकी.)

आता दुसरा कागद. विल्यमचं पत्र. इंग्लंडच्या दीपस्तंभांचा कारभार ज्या संस्थेकडे आहे, त्या ट्रिनिटी हाउसनं फॉरफरशायरच्या घटनेबद्दल विचारणा केली, तेव्हा त्यानं दिलेलं उत्तर. वहीत जे एका शब्दात मिटलं होतं, ते इथे उलगडतं.

तो सांगतो : सोसाट्याचा उत्तरेचा वारा, पाऊस. भरतीच्या आधी मी आणि माझी मुलगी बाहेरच्या वस्तू बांधून ठेवण्याच्या गडबडीत होतो. पावणेपाचला मुलीला हार्करच्या खडकावर जहाज दिसलं. पण अंधार आणि लाटांचे तुषार, माणूस एकही दिसेना. दुर्बीण डोळ्यांवरून खाली ठेवली नव्हती. सातच्या सुमारास ओहोटी लागली, तेव्हा खडकावर तीन-चार माणसं दिसली.

यापुढचं वाक्य मी पुनःपुन्हा वाचलं आहे. तो म्हणतो, आम्ही दोघांनी ठरवलं, की तिथवर पोचलो तर त्यांच्यातले काही जण परतीला मदत करतील. त्यांच्या मदतीशिवाय आम्हाला परत येता येणार नाही.

म्हणजे निघताना दोघांनाही हे माहीत होतं. दोन जोड वल्ह्यांच्या बळावर जाणं जमेल, येणं जमणार नाही. खडकावरच्या माणसांच्या अंगात त्राण उरलेलं असेल, या एका भरवशावर होडी पाण्यात लोटली. भाऊ घरी नव्हता. धाकटा विल्यम ब्रुक्स किनाऱ्यावर, नॉर्थ संडरलँडला होता. घरात तिघंच : बाप, लेक आणि ६४ वर्षांची आई, थॉमसिन.

होडी २१ फुटांची. तिथले मच्छीमार तिला कोबल म्हणतात. खडक जवळच दिसतो, पण सरळ जाणं म्हणजे वादळाच्या तोंडी जाणं. म्हणून बेटांच्या आडोशानं वळसा घालून जवळजवळ मैलभर वल्हवावं लागलं. पोचल्यावर विल्यमनं खडकावर उडी घेतली आणि एवढी होडी ग्रेसनं एकटीनं सांभाळली. पुढे-मागे, पुढे-मागे वल्ही मारत. खडकाला टेकली तर चिरफाळ्या आणि लांब गेली तर बाप तिथेच अडकला. पत्रात हा भाग नाही. त्यानं एवढंच लिहिलं आहे, की आम्हाला खडक गाठता आला.

वर आठ पुरुष आणि एक बाई. सगळ्यांना एकदम घेणं धोक्याचं, म्हणून आधी ती बाई आणि चार पुरुष. त्यातले दोघे पुन्हा विल्यमबरोबर गेले आणि उरलेल्यांना घेऊन आले. नऊच्या सुमारास नऊही जण दीपस्तंभात. त्या बाईची दोन्ही मुलं रात्रीतच थंडीनं गेली होती. खडकावर तीन प्रेतं राहिली होती. एका पुरुषाचं आणि दोन मुलांचं.

(पडद्यावर: बॅम्बराच्या चर्चचं आवार. दगडी छत्रीखाली ग्रेसची निजलेली मूर्ती, शेजारी वल्हं.)

पुढचं जगाला माहीत आहे. वर्तमानपत्रांनी उचललं. बापलेकीला रौप्यपदकं मिळाली, राणी व्हिक्टोरियानं ५० पौंड पाठवले. चित्रकार होड्या करून लाँगस्टोनला येऊ लागले. लोक पत्रातून केसांची बट मागू लागले. त्या पत्रांना ती उत्तरं लिहीत बसायची. मला याचं फार वाईट वाटतं. ज्या मुलीला बेटाबाहेरची सवय नव्हती, तिच्या चार भिंतींत सारा देश घुसला. १८४२ च्या २० ऑक्टोबरला क्षयानं ती गेली. २६ वर्षांची होती.

विल्यम त्यानंतरही बत्तीवर राहिला. १८६० मध्ये निवृत्त झाला, तिथेच वहीही थांबते. १९४० च्या डिसेंबरात ट्रिनिटी हाउसची लंडनमधली इमारत बॉम्बहल्ल्यात जळाली आणि कितीतरी जुने कागद राख झाले. रखवालदारांची किती घरं त्यात कायमची पुसली गेली असतील! डार्लिंगांची वही उरली म्हणून पीटरहेडच्या गलबतावरचा तो एकटा माणूसही उरला. २१ फुटांची ती कोबल आजही बॅम्बराच्या संग्रहालयात आहे. तिच्याजवळ उभं राहिलं की पहिल्यांदा जाणवतं, ती किती उघडी आहे.

(पडद्यावर: दीपस्तंभातली खालची गोल खोली. चूल.)

विल्यमच्या त्या पत्राचा शेवट क्वचितच कुणी सांगतं. नऊ जण आत आल्यावर नॉर्थ संडरलँडहून मच्छीमारांची होडी कशीबशी पोचली. सात जण, त्यात धाकटा विल्यम ब्रुक्स. समुद्र इतका खवळला होता, की त्यांना परत फिरता येईना. मनोरा बांधताना मजुरांसाठी उभारलेल्या बराकीत ते दोन दिवस आणि दोन रात्री राहिले. विल्यम लिहितो : अन्न अपुरं, अंथरूण नाही, बदलायला कपडे नाहीत.

नऊ अधिक सात, अधिक घरचे तिघं. एकोणीस माणसं. बाहेर वादळ, भाजीचा मळा दुसऱ्या बेटावर. आणि चुलीपुढे थॉमसिन. तिचं नाव त्या पत्रात नाही, नोंदीतही नाही.

(दिवा फिरतो. काळोख. लाटा.)