चार कप्प्यांची ढोबळी मिरची

ही लाल ढोबळी मिरची आडवी कापली, की आत चार कप्पे दिसतात. गर जाड, खांदे सारखे, बूड सपाट, वजन दीडशे ते दोनशे ग्रॅम. वाशीच्या बाजारात व्यापारी आधी अशा फळाला हात घालतो. शेजारचं हे दुसरं फळ त्याच झाडाचं आहे. चपटं, टोकदार, आणि आत बी जवळजवळ नाहीच. खत तेच, पाणीही तेच.

हा फरक फूल उमलायच्या आधीच पडलेला असतो. रात्री 18 ते 20 अंश तापमान मिळालं, की पराग सकस होतात, बी भरतं आणि फळ चौकोनी फुगतं. जुन्नर, नारायणगाव भागात डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा पराग दुबळे राहतात आणि अशी वेडीवाकडी फळं धरतात. म्हणून थंडीत पॉलिहाऊसचे (पीक ज्यात वाढतं त्या प्लास्टिकच्या आच्छादनाचे) बाजूचे पडदे सूर्य मावळायच्या आधी खाली सोडायचे, दिवसाची ऊब थोडीफार तरी आत राहते. सकाळी मात्र ते वेळेवर उघडायला हवेत, कोंडलेली दमट हवा रोगांना बोलावते. उन्हाळ्यात उलटी अडचण: पारा 35 च्या वर गेला, की फुलंच गळतात.

आत वारा नसतो, म्हणून रोपं ज्यांवर चढवलेली असतात त्या तारांना सकाळी हलका झटका द्यायचा. पराग मोकळे होतात.

आता हा पहिला फाटा पाहा. रोप इथं दुभंगतं आणि नेमकं इथंच पहिलं फूल येतं. ते खुडायचं. शेतकऱ्याच्या जिवावर येतं, कारण लवकर येणारं फळ म्हणजे लवकर हाती येणारा पैसा. पण हे फळ ठेवलं तर कोवळ्या रोपाची सगळी ताकद त्यातच जाते आणि फांद्या खुरटतात. पुढे दोन किंवा चार फांद्या सुतळीनं तारेवर चढवायच्या, बाकीचे फुटवे खुडत राहायचं. वाकडं फळ दिसलं तर तेही लहान असतानाच काढावं. पुढे ते सरळ होत नाही, नुसतं अन्न खातं.

आणि हा बुडाशी पडलेला काळपट, खोलगट डाग. बरेच जण रोग समजून फवारणी करतात. हा रोग नाही, फळाला कॅल्शियम पोचलेलं नाही. कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढतं आणि पाणी जिथून जास्त उडतं तिकडे जातं, म्हणजे पानांकडे. फळातून पाणी फारच कमी उडतं. कडक उन्हात पानं सगळं ओढून घेतात आणि फळ उपाशी राहतं. जमिनीत कॅल्शियम भरपूर असलं तरी हे घडतं. इथं उपयोग होतो तो नियमित पाण्याचा: एक दिवस कोरडं ठेवून दुसऱ्या दिवशी भिजवून टाकण्यापेक्षा ठिबक रोज थोडं थोडं, उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीनदा चालवावं. कॅल्शियम नायट्रेट सल्फेट किंवा फॉस्फेटच्या खतांबरोबर एकाच टाकीत टाकू नये. साका बसतो आणि ड्रिपर बुजतात.

पानंही वाचता यायला हवीत. कडा वर वळून वाटी झाली तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी; दोन्ही पानांतला रस शोषणाऱ्या बारीक किडी. औषधं वेगळी, म्हणून भिंगातून खात्री करूनच पंप उचलावा.

हिरव्या फळाचं लाल किंवा पिवळं व्हायला आणखी तीन-चार आठवडे जातात. तोवर ते झाडावर ओझं असतं, वरची नवी फुलं गळतात. म्हणून भार जास्त झाला, की काही फळं हिरवीच तोडून झाड मोकळं करणं शहाणपणाचं. उरलेल्या फळांवर ऐंशी टक्के रंग चढला, की सकाळच्या गारव्यात, पण दव सुकल्यावर, देठासह कात्रीनं कापायचं. ओढून तोडलं तर फांदी पिचते. साठवणीला 7 ते 10 अंश ठीक. त्याहून गार झालं, की सालीवर खड्डे पडतात.