कोण भजे तळून राहिलं?

नमस्कार श्रोतेहो.

काटोलच्या आमच्या मावशींनी एका पावसाळ्यात माझ्या सासूबाईंशी चार दिवस अबोला धरला होता. दोघी सख्ख्या बहिणी. रोज दिवेलागणीला घरच्या फोनवर बोलायच्या. त्या दिवशी मावशी म्हणाल्या, ‘‘माई, मी इकडे जीव तोडून सांगून राहिली अन् तू तिकडे भजे तळून राहिली?’’ सासूबाई ओरडल्या, ‘‘भजे कायचे वं, हा फोन खरखरून राहिला!’’ या वाक्यातला ‘भजे’ एवढाच शब्द काटोलपर्यंत पोचला. मावशींनी फोन ठेवून दिला.

आमचं घर नागपूरच्या महाल भागात, जुनं. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात फोन. सासूबाईंना ऐकायला कमी येतं आणि मोबाइल कानाला कुठे लावायचा हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही, म्हणून तो ठेवलेला. खरखर सुरू झाली तेव्हा मी आधी तेच केलं जे सगळे करतात. रिसीव्हर कोनाड्याच्या कडेवर दोनदा आपटला. मग सीताबर्डीवर जाऊन नवा फोन आणला. नव्या फोनमध्ये तीच खरखर जरा जास्त स्पष्ट ऐकू यायला लागली.

मग तक्रार नोंदवली. लाइनमन आला तो दुपारी, लख्ख उन्हात. येण्याआधी त्याने फोन केला, ‘‘काकू, घरी आहात ना?’’ आवाज अगदी स्वच्छ. घरी येऊन रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाला, ‘‘लाइन तर क्लिअर आहे काकू.’’ तो गेला, संध्याकाळी सर आली, आणि भजी पुन्हा कढईत पडली. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी त्याच्या नजरेत मला स्पष्ट दिसलं, की या बाईंना एकटेपणामुळे भास होतात.

मी शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाले तरी खोड जात नाही. फोनशेजारी एक वही ठेवली आणि लिहायला लागले: पाऊस किती वाजता, खरखर किती वाजता, थांबली कधी. आठ दिवसांत वहीने दोन गोष्टी दाखवल्या. पाऊस सुरू झाल्यावर साधारण अर्ध्या तासाने आवाज यायचा आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली की जायचा. दुसरी गोष्ट विचित्र होती. भर पावसातही, बाहेरून कुणाचा फोन आला की पहिली चार-पाच मिनिटं लाइन स्वच्छ असायची. आम्ही कुणाला फोन लावला तर मात्र पहिल्या ‘हॅलो’पासून कढई तापलेली.

इथे थोडं थांबून सांगते, कारण सगळी गंमत यातच आहे. घरच्या फोनला टेलिफोन एक्सचेंजपासून तांब्याच्या दोन तारा येतात. एक्सचेंजमधल्या बॅटऱ्या त्यांवर ४८ व्होल्ट देतात. रिसीव्हर उचलला की त्या तारांतून जरासा प्रवाह वाहू लागतो, आणि आपलं बोलणं म्हणजे त्या प्रवाहातला चढउतार. आता वाटेत एखादा जोड सैल असेल, त्यावर गंज चढला असेल, ओल शिरली असेल, तर त्या जोडाचा प्रवाहाला होणारा विरोध क्षणाक्षणाला बदलतो. म्हणजे तोही चढउतारच. रिसीव्हरला काय कळणार, यातलं मावशींचं कोणतं आणि गंजाचं कोणतं? तो दोन्ही इमानेइतबारे ऐकवतो.

आणि घंटी? घंटी वाजवायला एक्सचेंज त्याच दोन तारांवर सुमारे ७५ व्होल्टचा उलटसुलट प्रवाह पाठवतं. (हा झटका कसा असतो ते मला ठाऊक आहे. मी एकदा ओल्या हाताने तारांचे स्क्रू चाचपत होते आणि नेमका त्याच वेळी कुणाचा तरी फोन आला.) एवढ्या दाबाखाली गंजाचा पातळ थर फुटतो आणि जोड तात्पुरता जुळतो. थोड्या वेळाने पुन्हा येरे माझ्या मागल्या. म्हणजे लाइनमन बिचारा खोटं बोलत नव्हता. एक तर तो लख्ख उन्हात यायचा, त्यात येण्याआधी फोन करून स्वतःच दुखणं बरं करत होता, आणि मग नाडी बघायला येत होता.

चौथ्या तक्रारीच्या वेळी मी त्याला सांगितलं, ‘‘दादा, या वेळी फोन नका करू. पाऊस थांबला की सरळ घरी या आणि आमचा फोन उचला.’’ तो आला. मी म्हटलं, ‘‘आता एकदा २ दाबा आणि ऐका.’’ ही युक्ती तुम्हीही करून पाहा. रिसीव्हर उचलल्यावर जी डायल टोन येते, तिच्याखाली बारीक खरखर लपून जाते. नंबरातला एकच आकडा दाबला की टोन बंद होते आणि पुढचे काही सेकंद लाइनवर निव्वळ शांतता असायला हवी. त्या शांततेत जे ऐकू येईल तो बिघाड. त्याने २ दाबला. त्याच्या भुवया वर गेल्या. ‘‘हौ ना काकू, लय खरखरून राहिला.’’ मला त्या क्षणी जो आनंद झाला तो निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता.

मग काम झपाट्याने झालं. बाहेरून आलेली वायर जिथे पहिल्यांदा घरात येते तिथे एक छोटी चौकोनी डबी असते, तिला रोझेट म्हणतात. घरातली सगळी वायर तिथून सोडवायची आणि फक्त एक चांगला फोन थेट तिथे जोडायचा. आवाज गेला तर दोष घरात: वायर, जोडफोन किंवा रिसीव्हरची ती गुंडाळीची दोरी. आवाज राहिला तर दोष बाहेर. आमचा राहिला. लाइनमन खांबावरच्या डीपी बॉक्सपाशी, म्हणजे जिथून घराघराला वायरी फुटतात त्या पेटीपाशी गेला, तिथे लाइन ठणठणीत. म्हणजे दोष खांब आणि घर यांच्या मधल्या वायरमध्ये. तो वायर धरत धरत आमच्या छज्ज्याखाली आला, आणि तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळलेली एक गाठ सापडली. पट्टी सोलली तर आत हिरवी भुकटी. तांब्याची एक तार इतकी खाल्लेली की बोट लावताच तुटली.

ती गाठ कुणाची? दोन दिवाळ्यांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा आमच्या रंगाऱ्याने शिडी लावताना वायर तोडली होती आणि आपल्या परीने पीळ देऊन जोडली होती. ‘‘जोडून देल्ली ना काकू,’’ असं मला सांगितलंही होतं. मी वर चहा दिला होता त्याला.

नागपुरात हे असं घडायला हवामानाचीही साथ असते. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. खांबावरून घरात येणारी वायर बारा महिने उघड्यावर. उन्हाने तिचं प्लास्टिकचं आवरण कडक होतं, तडकतं. मृगाची पहिली सर त्या चिरेतून आत. ओल, त्यात सतत ४८ व्होल्ट. दोनपैकी जी तार धन बाजूची ती झिजत जाते. संक्रांतीला तारांवर लोंबणारा मांजा वेगळा. म्हणून लाइनमनने नुसती गाठ नवी बांधली नाही, खांबापासून रोझेटपर्यंत वायरच बदलली, मध्ये एकही जोड न ठेवता. आणि घरात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन ठिबकतं, वायरीवरून चालत आत येत नाही. तुमच्या घरची वायर वरून उतरत थेट भोकात जात असेल तर आजच बघून ठेवा.

आवाजांचेही प्रकार असतात बरं. रिसीव्हरची दोरी हलवली की कडकड होत असेल तर लाइनमनला बोलावू नका, दोरी बदला. एकसुरी ‘घूं’ असा आवाज येत असेल तर बहुधा दोनपैकी एका तारेला जमिनीचा स्पर्श झालाय. लाइनमन त्याला ‘अर्थ येऊन राहिला’ म्हणतात. केबलमधल्या दोन तारा एकमेकींना पीळ घातलेल्या असतात. हा पीळ ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये पेटंट केला. शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारांचा गुणगुणाट दोघींवर सारखाच पडतो आणि म्हणून ऐकू येत नाही. एकीला अर्थ लागला की तोल जातो. त्याच तारांवर ब्रॉडबँड असेल आणि पावसापाण्याशी संबंध नसलेली सतत ‘स्स्स’ येत असेल, तर फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी स्प्लिटर नावाची डबी बसवायची राहिलीय किंवा बिघडलीय. आणि कधी कधी गंजलेला जोड रेडिओतल्या एखाद्या डायोडसारखा वागतो, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो, आणि मीडियम वेव्हचं जोरदार स्टेशन चक्क टेलिफोनमध्ये ऐकू येतं. म्हणजे आत्ता माझं हे भाषण कुणी रेडिओशिवायही ऐकत असेल, तर त्यांनी तक्रार नोंदवावी.

तक्रार नोंदवताना ‘फोन खराब आहे’ एवढंच म्हणू नका. पावसानंतर खरखर, घंटी वाजली की थोडा वेळ बरी, एकच फोन रोझेटला लावून पाहिला तरी आवाज येतो, असं सांगा. खांबावर मात्र स्वतः चढू नका. तिथे विजेच्या तारा हाताच्या अंतरावर असतात. आणि आभाळ कडाडत असेल तेव्हा वायरीचा फोन कानाला लावू नका, मग लाइन कितीही स्वच्छ असो.

आता पुष्कळ घरांत तांब्याच्या जागी काचेचा धागा आलाय, ऑप्टिकल फायबर. तो गंजत नाही, खरखरत नाही. फक्त घरातली वीज गेली आणि बॅटरी जोडलेली नसेल तर फोनही जातो. तांब्याचा फोन एक्सचेंजच्या बॅटरीवर चालायचा, अंधारातही वाजायचा. मला त्याचं कौतुक अजून आहे.

नवी वायर लागली तो पोळ्याचा दिवस होता. सासूबाईंना विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी गल्लीतून मारबतीचा पुतळा निघाला, खाली पोरं ओरडत होती, ‘‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’’ तर सासूबाई गॅलरीत उभ्या राहून म्हणतात, ‘‘फोनची खरखर घेऊन जा गे मारबत!’’ श्रेय मारबतीला गेलं. मी काही बोलले नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी काटोलला फोन लावला. बाहेर पाऊस लागलेला, मी स्वयंपाकघरात. बहिणी बहिणी दहा मिनिटं छान बोलल्या, आणि मग मावशी म्हणाल्या, ‘‘माई, तुझा फोन पुन्हा बिघडला वाटते वं.’’

सासूबाईंनी दारातून माझ्या कढईकडे पाहिलं. ‘‘नाही वं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आज खरंच भजे तळून राहिले.’’

नमस्कार.