कोजागिरीची खीर, दारातला अडुळसा आणि पंप

श्रोतेहो, नमस्कार.

कोजागिरी जवळ आली आहे. त्या रात्री आपल्याकडे अनेक ठिकाणी दमेकऱ्यांसाठी औषधी खीर केली जाते. लांबच्या गावांहून मंडळी संध्याकाळीच येऊन बसतात, रात्रभर जागरण करतात आणि चांदण्यात ठेवलेली खीर पहाटे घेऊन घरी परततात. या दिवसांत माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, खीर घेतल्यावर पंप बंद केला तर चालेल ना?" पंप म्हणजे श्वासातून औषध ओढायचा इनहेलर. दम्यावरच्या घरगुती आणि वनौषधी उपायांविषयी मी आज जे बोलणार आहे, ते या प्रश्नाचेच थोडे लांबलेले उत्तर आहे.

दम्यामध्ये श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज येते. ही सूज रोग्याला धाप लागलेली नसतानाही थोडीफार असतेच. धूळ, धूर, सर्दी, थंड हवा किंवा उग्र वास यांचे निमित्त झाले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आत चिकट कफ साठतो आणि छातीतून घरघर ऐकू येऊ लागते. कोणताही उपाय तपासताना मी पहिल्यांदा हे पाहतो की तो सुजेवर काम करतो, आवळलेल्या स्नायूंवर काम करतो, की केवळ कफावर.

अडुळशाचेच पाहा. कोकणात आणि देशावर कुंपणाला लावलेले हे झुडूप गुरे सहसा तोंड लावत नाहीत, इतका त्याचा पाला कडू असतो. आणि त्याच पाल्याचा काढा आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नातवंडांच्या घशाखाली उतरवला. आयुर्वेदात अडुळशाला वासा म्हणतात आणि त्याच्याविषयी एक श्लोक प्रसिद्ध आहे, "वासायां विद्यमानायां आशायां जीवितस्य च । रक्तपित्ती क्षयी कासी किमर्थमवसीदति ॥" वासा उपलब्ध असताना आणि जगण्याची आशा असताना रक्तपित्ताच्या म्हणजे अंगातून रक्त पडण्याच्या, क्षयाच्या आणि खोकल्याच्या रोग्याने खचून का जावे, असा त्याचा अर्थ. हा श्लोक पुष्कळ लोक दम्यासाठी ऐकवतात, परंतु त्यात नाव आहे ते कासी म्हणजे खोकला झालेल्या माणसाचे. श्वासाच्या म्हणजे दम्याच्या रोग्याचा त्यात उल्लेखही नाही. आधुनिक औषधशास्त्राचा अनुभव या शब्दयोजनेशी चांगला जुळतो. अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झाले, त्यातून पुढे अँब्रोक्सॉल आले, आणि ही दोन्ही औषधे आजही खोकल्याच्या असंख्य बाटल्यांमध्ये असतात. ती कफ पातळ करतात. नलिकांची सूज उतरवणे हे त्यांचे काम नव्हे.

म्हणून कफ चिकटला असेल, खोकून खोकून छाती दुखत असेल, तर मोठ्या माणसाने अडुळसा जरूर घ्यावा. त्याची कच्ची पाने नुसती कुटून फारसा रस निघत नाही. ती वाफवून किंवा तव्यावर गरम करून मऊ झाली की फडक्यात पिळावीत, आणि चमचाभर रस मधातून घ्यावा. गरोदर बाईने मात्र अडुळसा घेऊ नये, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नये.

आवळलेली श्वासनलिका सैल करणारे झाडही आपल्या परसात आहे, पण ते धोतऱ्याचे. त्याचा धूर ओढण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासहून इंग्लंडला गेली आणि पुढे युरोपात दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. धोतऱ्याच्या पानांतील अ‍ॅट्रोपिनच्याच कुळातले एक औषध आज आपण मोजून, फवाऱ्यातून देतो. पानात मात्र त्याचे प्रमाण कधीच सारखे नसते, आणि ते थोडे अधिक झाले तरी माणूस भ्रमिष्ट होतो, जिवालाही धोका असतो. धोतऱ्याचा प्रयोग घरी कोणीही करू नये. गंमत अशी की स्वयंपाकघरात श्वासनलिका किंचित रुंद करणारा पदार्थ खरोखरच आहे, तो म्हणजे कॉफी, आणि घरगुती औषध म्हणून तिचे नाव कोणीच घेत नाही. तिचा परिणाम अगदी सौम्य असतो, तेव्हा धाप लागल्यावर कॉफी उकळत बसू नये.

हळदीचे दूध आणि आल्याचा चहा यांनी घशाला बरे वाटते, इतकेच. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो. गरम पाण्याची वाफ घेऊन आवळलेली नलिका सुटत नाही, उलट भांडे कलंडून भाजलेली लहान मुले दरवर्षी दवाखान्यात येतात. कापूर, निलगिरी, धूप यांच्या वासानेच कित्येकांची उबळ वाढते.

मला सर्वांत अधिक भीती वाटते ती निनावी पुडीची. "तीन दिवसांत दमा गेला" असे एखाद्या बेनाव चूर्णाविषयी कोणी सांगू लागले, की त्यात स्टिरॉइड मिसळले असण्याची शंका घ्यावी. महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर चढते, आणि पुडी एकदम थांबवली तर प्रकृती ढासळते. विरोधाभास असा की हीच मंडळी पंपातल्या स्टिरॉइडला घाबरतात. साधा हिशेब सांगतो. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका सैल करणाऱ्या औषधाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असते आणि त्याच औषधाच्या गोळीत 4 मिलिग्रॅम, म्हणजे 40 फवाऱ्यांइतके. स्टिरॉइडच्या बाबतीतही फवाऱ्यातली मात्रा अशीच थोडी असते, कारण औषध थेट जिथे हवे तिथे पोहोचते. सूज खरी उतरवते ते हेच औषध. ते ओढल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंड येत नाही.

गेल्या वर्षी एक आजी आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी अडुळशाच्या काढ्याची बाटली काढली आणि मग कणकेच्या डब्यात दडवलेला, सील न फोडलेला पंप. "नातीचं लग्न ठरायचंय डॉक्टर, पाहुण्यांना दिसायला नको," असे त्या म्हणाल्या. मी काढा बंद करायला सांगितले नाही. पंप तेवढा कणकेतून काढून दात घासण्याच्या ब्रशशेजारी ठेवायला सांगितले. सकाळ-संध्याकाळ आठवण राहते.

राहता राहिली खीर. दमा मुळातच चढउताराचा आजार आहे. ऋतू पालटताना तो उसळतो आणि नंतर काही आठवडे आपोआप शांतही होतो, आणि मधल्या काळात जो उपाय केला त्याला श्रेय मिळते. तरीही श्रद्धेने जाणाऱ्यांना मी अडवत नाही. उघड्यावर गारठ्यात बसायचे असल्याने नाका-तोंडावरून मफलर घ्यावा, खिरीत कोणती वनस्पती घातली आहे हे विचारून घ्यावे, चुलीच्या धुरापासून दूर बसावे, आणि पंप खिशात असू द्यावा. एक वाक्य एका दमात बोलता येईनासे झाले, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर डॉक्टरांनी नेमून दिलेले फवारे घेऊन, पहाटेची वाट न पाहता, तसेच उठून जवळचे रुग्णालय गाठावे. आणि रात्र सुखात गेली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळचा पंप नेहमीप्रमाणे घ्यावा.

नमस्कार.