केबलचे टोक उघडे, मग करंट वाहतो कुठे?

नमस्कार. ट्रान्समिशन लाइनवरच्या (म्हणजे सिग्नल वाहून नेणाऱ्या केबलवरच्या) मागच्या व्हिडिओखाली एकच शंका पुनःपुन्हा विचारली गेली आहे: केबलच्या दुसऱ्या टोकाला काहीच जोडलेले नसेल, तर सर्किट अपुरे असताना तिच्यात करंट शिरतोच कसा? आज फक्त याच शंकेविषयी बोलू.

प्राथमिक गोष्टी भराभर सांगून टाकतो. ही आरजी-५८ जातीची, म्हणजे मधली तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी असलेली, १० मीटर केबल आहे. तिचे इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला होणारा विरोध) मीटरमागे सुमारे २५० नॅनोहेन्री आणि कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता) सुमारे १०० पिकोफॅरड असते. इंडक्टन्सला कपॅसिटन्सने भागून येणाऱ्या भागाकाराचे वर्गमूळ म्हणजेच तिचा ५० ओहमचा इम्पिडन्स, म्हणजे पुढे जाणाऱ्या लहरीच्या व्होल्टेजचे तिच्या करंटशी असलेले गुणोत्तर. तिच्यातून लहर एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर जाते.

आता मुख्य मुद्दा. १० व्होल्टचा आणि ५० ओहम अंतर्गत रोधाचा जनरेटर जोडून बटण दाबले, की केबलच्या तोंडाशी ५ व्होल्ट दिसतात आणि ०.१ अँपिअर करंट आत शिरतो. टोक उघडे आहे की शॉर्ट, हे जनरेटरला त्या क्षणी कळण्याचा मार्गच नाही, कारण ती बातमी आणणारी लहर अजून टोकापर्यंत पोहोचलेलीही नसते. तोवर हा करंट वाटेतले कपॅसिटन्स क्रमाक्रमाने चार्ज करत पुढे सरकतो आणि बाहेरच्या जाळीतून तेवढाच करंट परततो.

"मल्टिमीटर ५० ओहम दाखवत नाही, म्हणजे दुकानदाराने फसवले," असे लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्या बिचाऱ्याला सोडून द्या. मल्टिमीटर आकडा दाखवीपर्यंत लहरीच्या असंख्य फेऱ्या होऊन गेलेल्या असतात. त्याने सेकंदभर तरी ५० ओहम दाखवावेत, अशी इच्छा असेल, तर तांब्याचा रोध शून्य मानूनही १ लाख किलोमीटर केबल आणावी लागेल.

हीच गोष्ट शॉर्ट केलेल्या टोकाने पडताळून पाहा. तिथेही पहिले १०० नॅनोसेकंद तोंडाशी तेच ५ व्होल्ट आणि तोच ०.१ अँपिअर करंट असतो. उलटलेली लहर परत आली की व्होल्टेज शून्यावर येते आणि करंट ०.२ अँपिअर होतो.

तरीही पटत नसेल, तर टोक पुन्हा उघडे ठेवा आणि ऑसिलोस्कोपचा (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणाचा) प्रोब केबलच्या बरोबर मध्यावर लावा. २५ नॅनोसेकंदांनी तिथे ५ व्होल्टची पायरी दिसेल. लहर टोकावरून त्याच चिन्हाने परतेल आणि ७५ व्या नॅनोसेकंदाला तिथली पायरी १० व्होल्टवर चढेल. परतीच्या लहरीचा करंट मात्र उलट दिशेने असतो, त्यामुळे तुम्हाला अपेक्षित असलेला शून्य करंट मध्यावर त्याच क्षणी मिळतो, तर जनरेटरपाशी तो आणखी २५ नॅनोसेकंदांनी पोहोचतो.